मुठीचं देणं

दोन हजार पंचवीस साल, डिसेंबरचा पहिला आठवडा, भाताची झोडणी उरकलेली — तारीख घाला आधी, मग बाकीचं लिहा. घाला की. तुमी मास्तर लोक कुटंबी गेलात तरी वही आधी बाहेर येती. आमच्या पोरीचं, यशोधरेचं पण तसंच. आन् ती घरी न्हाई, हे दारातच सांगितलं तुमाला. पुण्यावरनं आलाय, मळवलीला उतरून उन्हात चालत आलाय, तर बसा, पाणी प्या. पण तिची वाट बघू नका. ती संध्याकाळच्या गाडीनं येती, आन् तुमी बसलेले दिसलात तर अंगणातनंच माघारी फिरंल. फोन केलतात ना तुमी तिला? उचलला का? मग. ही हिरा, बायको माझी. हिरा, सरांना चहा टाक. बिनसाखरेचा? — हितं साखर घालूनच मिळतो, सर. एक दिवस प्या.

व्हय, ठाऊक हाये मला. मुदत संपत आली. प्रबंध लिहून तयार हाये, छापायचा, बांधायचा, तुमची सही, मग तोंडी परीक्षा, मग नावापुढं डॉक्टर. चौथी शिकलोय, पण बहिरा न्हाई. रेल्वेच्या गँगमध्ये जन्म गेला माझा, खंडाळ्याच्या घाटात रूळ ठोकत, आन् घरी येऊन पोरीकडनं हेच ऐकत बसायचो. लोक विचारायचे — निवृत्ती, पोरगी कशाची डॉक्टर हुणार? म्हणायचो, कायद्याची. म्हंजे वकील? वकील न्हाई, कायदा, धंदा आन् कंप्युटर, तिन्ही मिळून एक. मग हसायचे. कुटं दुखलं तर जायचं मग तिच्याकडं, असं विचारायचे. माझा दोस्त सीताराम जास्त हसायचा. मी म्हणायचो, मोबाईलनं तुझ्या पोटावर पाय दिला तर जा तिच्याकडं. तेव्हा तेबी हसण्यावारी गेलं. — हसू नका तुमी. तुमी आता हसायचं काम न्हाई.

मूठ म्हंजे काय ते तिनं लिहिलंय का तुमच्या त्या प्रबंधात? एका ओळीत? एका ओळीत मावत न्हाई ते. ऐका. छप्पन साली आमच्या बापांनी धम्म घेतला. त्यानंतर वस्तीनं ठरवलं, की संध्याकाळचे तांदूळ धुवायला घेतले की त्यातली एक मूठ बाजूला काढायची. वेगळ्या डब्यात. घरात कमी असलं तरी काढायची. पौर्णिमेला सगळे डबे विहारात आणायचे आन् एकाच पोत्यात रिकामे करायचे — डब्याचं तोंड पोत्यात घालून, म्हंजे कोणी किती आणले ते कोणाला दिसायला नको. ते तांदूळ लोणावळ्याला दुकानात घालायचे आन् त्यावर वस्तीतलं एक लेकरू शिकवायचं. एकच. दोघांना पुरतील इतके तांदूळ कधी झालेच न्हाईत. आन् ज्यानं मूठ खाल्ली त्यानं शिकून पुण्याला जावं, मुंबईला जावं, पण रविवारी सकाळी विहारात येऊन पेन घेऊन बसायचं. वस्तीचे अर्ज लिहायचे — रेशनचे, दाखल्याचे, सातबाऱ्याचे, कोर्टाचे. पुढचं लेकरू शिकून येईस्तोवर. हे देणं फेडून संपत न्हाई, आन् कोणी संपवायला बघतबी न्हाई. मूठ खाल्लेला माणूस वस्तीचाच राहतो, मरेस्तोवर.

यशूच्या वेळी दोन लेकरं पुढं होती. आमची ही, आन् सीतारामचा गौरव. एकाच वर्गातले. बैठक बसली विहारात. कोणीतरी बोललं — निवृत्तीला रेल्वेचा पगार हाये, त्याला मूठ कशाला? खरं होतं ते. मी उठून जाणार होतो, मला कोणाचं नको होतं. तर सीताराम उभा राहिला. खंडाळ्याला एका बंगल्यावर माळी होता तो, ना पेन्शन, ना काही. म्हणाला, पगार निवृत्तीला हाये, डोकं पोरीला हाये, तिला द्या. माझा गौरव गाडी शिकंल. गौरव तितंच बसला होता, बापाशेजारी. त्यानं मान वर केली न्हाई. मी ते बघितलं. बघितलं आन् तरी घेतलं. सीतारामनं दिलं, ते घ्यायला नको म्हणलं असतं तर त्याचा अपमान झाला असता. लहानपणी एका गोणपाटावर बसून शिकलेलो आमी दोघं.

तर गौरव गाडी शिकला. त्याच्या मागं वस्तीतली सगळी तरणी पोरं. लोणावळा स्टेशनवर स्टँडला लावायची गाडी आन् पाहुणे घेऊन जायचं — कार्ला, पॉइंट, बंगले. स्टँडला नंबर असतो, तुमाला ठाऊक हाये का? जो आधी आला त्याचा नंबर आधी. पण एखाद्याचं लेकरू दवाखान्यात असलं, न्हाईतर कोणाच्या घरात लग्न असलं, तर त्याला पुढं घालायचं. कोणी सांगायला लागत न्हाई. कोणी आजारी पडला तर दुसऱ्यानं त्याची गाडी न्यायची, दिवसाचे पैसे त्याच्या घरी द्यायचे. पाळी म्हणतात त्याला. मग ती अ‍ॅपवाली कंपनी आली. स्टँड बसला, पाहुणे मोबाईलवर गाडी मागायला लागले, पोरं कंपनीत गेली. पण पाळी सुटली न्हाई त्यांची. खातं गौरवचं, गाडी हाकतोय दुसराच. सकाळी मोबाईल तोंडाचा फोटो मागायचा, तेव्हा ज्याचं खातं त्यानं तोंड दाखवायचं आन् मोबाईल दुसऱ्याच्या हातात द्यायचा. पावसाळ्यात तिकडं वर धुकं इतकं असतं की चार खेपा केल्या की डोळे फुटायला येतात — तेव्हा दोघा-तिघांत एक खातं चालायचं. मशीनला ते कळायचं न्हाई. मशीनला एवढंच कळायचं की खेप वेळेवर झाली.

हे तिनं लिहिलं. व्हय, हेच. तुमीच म्हणालात ना तिला, की तुझ्या वस्तीत जे हाये ते कुणाच्या पुस्तकात न्हाई, ते लिही? घरी येऊन नाचली होती. आबा, सर म्हणाले हे नवीन आहे. मग ती पोरांच्या शेजारी बसून गाड्यांतनं फिरली, विचारत. गौरव तिला पुढच्या सीटवर बसवायचा आन् पाहुण्यांना सांगायचा — ह्या आमच्या डॉक्टर हायेत, माझी तब्येत तपासायला आल्यात. असा होता तो. तिनं नावं बदलली सगळ्यांची. चालक एक, चालक दोन. गौरव चिडवायचा, मी कितवा गं? ती सांगायची न्हाई. तोच चालक एक होता.

आन् मग ते पहिलं पान. आभाराचं. तिनं लिहून आणलं आन् मला वाचून दाखवलं — मावळातल्या एका वस्तीचे आभार. मी म्हणलं, एका वस्तीचे म्हंजे कुणाचे? ती म्हणाली, नाव घालायचं नसतं आबा, नियम आहे. मी म्हणलं, तांदूळ दिले तेव्हा नाव झाकून दिले का त्यांनी? वस्तीचं नाव घाल. आमी काय चोऱ्या केल्यात नाव लपवायला? पुढारी आला की त्याचं नाव दगडावर कोरतात. ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव पहिल्या पानावर नको? दोन दिवस तिनं ते पान तसंच ठेवलं. मग घातलं. — घातलं ते बरोबरच घातलं. आजबी विचारलंत तर मी तेच सांगंन. न्हाई, तुमी ते तोंड नका करू, सर. ते पान तुमच्याबी हातात आलतं ना? वाचलंत ना तुमी? मग तुमी का न्हाई म्हणालात, पोरी, हे नाव काढ? … तुमालाबी ते चांगलं वाटलं. तर मग. मान खाली घालू नका, मी भांडत न्हाई तुमच्याशी.

बंगळुरूला सभा झाली तेव्हा विमानानं गेली होती ती. आमच्या वस्तीतनं पहिली. मोठं हाटेल, मोठे लोक, पुढच्या रांगेत कंपन्यांचे साहेब. तिनं उभं राहून सांगितलं — मशीन ज्याला फसवणूक म्हणतं त्याला माझे लोक पाळी म्हणतात, आन् कायद्यानं ह्याला जागा दिली पायजे. टाळ्या वाजल्या. त्या कंपनीची एक बाई येऊन तिला मिठी मारून गेली, म्हणाली, किती सुंदर आहे हे, तुमचा कागद द्या ना वाचायला. हिनं दिला. आनंदानं दिला. पहिल्या पानासकट. घरी येऊन मला सांगत होती, आबा, त्यांना पटलं. मला पण वाटलं पटलं. का वाटू नये? गळ्यात पडून कोणी नरडं धरंल असं आपल्याला वाटत न्हाई. आपल्यात तसं करत न्हाईत.

यंदाच्या श्रावणात झालं ते. सकाळी गौरव आला, मोबाईल पुढं धरून. म्हणाला, यशू, बघ गं हे काय म्हणतंय. तिनं वाचलं. खातं कायमचं बंद. कारण, खातं दुसऱ्याला वापरायला दिलं. वाचलं आन् तिनं त्याला काहीच विचारलं न्हाई. कधी दिलंस, कुणाला दिलंस, काही न्हाई. तितं मला कळलं. त्याच्या मागनं दुसरा आला, तिसरा आला, दुपारपर्यंत वस्तीतलं एकबी खातं चालू राहिलं न्हाई. वस्तीचा पत्ता ज्याच्या कागदावर, तो बंद. ज्यानं कधी मोबाईल कोणाला दिला न्हाई तोबी बंद. संध्याकाळी तिनं सगळ्यांना विहारात बोलावलं आन् स्वतःच्या तोंडानं सांगितलं, माझ्यामुळं झालं. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कोणी शिवी दिली असती, एखाद्या बाईनं तिला धरून हलवलं असतं. कोणी काही केलं न्हाई. एकेक जण उठून चप्पल घालून गेला.

मग तुमचा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो, तिनं फोन मोठ्या आवाजात लावलेला. तुमी म्हणालात, वाईट झालं. आन् मग म्हणालात, पण यशोधरा, हे नवीन प्रकरण आहे, हे जोड, प्रबंध कुठल्या कुठं जाईल. … म्हणालात का न्हाई? तुमी मनानं वाईट न्हाई, ते मला दिसतंय. हा एवढा रस्ता चालत आलाय. पण हप्ते थकले म्हणून आमच्या पोरांच्या गाड्या बँकवाले ओढून नेत होते आन् ते तुमचं प्रकरण होतं. त्या दिवसापासनं तिनं फोन उचलला न्हाई.

कोर्ट? सगळं बघून झालंय, सर. तीच तर शिकली ना ते. रात्रंदिवस बसली होती. पत्रं पाठवली, तर उत्तर मशीनच देतं, तुमची तक्रार महत्त्वाची आहे म्हणून. कंपनी म्हणती, आमी कोणाला काढलं न्हाई, मशीननं काढलं. आन् करारात लिहिलंय की भांडण झालं तर त्यांच्या गावात जाऊन, त्यांनी नेमलेल्या माणसापुढं भांडायचं. पोरांनी अंगठ्यानं होय दाबलेलं त्याच्यावर. शिवाय फसवणूक केली म्हणतात ती केलीच होती की पोरांनी — तिच्याच कागदात लिहिलेली, तिच्याच सहीनं. वकिलानं तेच विचारलं, बाई, साक्षीला तुमी उभ्या राहणार? कोणाच्या बाजूनं? … कायदा शिकली, धंदा शिकली, मशीन शिकली. आता तिला एवढं नक्की सांगता येतं की ह्यातनं वाट का न्हाई. आमाला नुसतं वाटायचं. ती पुराव्यानिशी सांगती.

आता काय करती? लोणावळ्याला चिक्की भरती. कारखान्यात, डबे भरायला. तिथल्या मुकादमाला तिनं बारावी सांगितलंय. गौरव बेगडेवाडीला उतरून एका गोदामात जातो, ओझी उचलायला, बोलावलं तर. आन् रविवारी ही पेन घेऊन विहारात जाऊन बसती. चुकवत न्हाई. नियम हाये ना. पण अर्ज घेऊन कोणी येत न्हाई. समोरनं चालत कामशेतला जातात, तिथल्या सेवा केंद्रात रांग लावून पैसे देऊन लिहून घेतात. ही दुपारपर्यंत बसती, झाडून घेती, मूर्तीपुढची फुलं बदलती आन् कुलूप लावून येती. पौर्णिमेला आता डबे येत न्हाईत. मूठ बंद झाली. कोणी बंद केली असं न्हाई, कोणी ठराव न्हाई केला. नुसती थांबली. कोण्या लेकराला शिकवायचं, आन् कशाला, हे कोणाच्या मनातच येईना.

म्हणून मी ठरवलं, फेडून टाकायचं. तिला म्हणलं, आपल्या शेताच्या पट्टीत ह्या वर्षी भाताची इंद्रायणी चांगली आलीये. सगळी घराघरात वाटू. ज्यांनी मुठी दिल्या त्यांचं त्यांना परत. मग तू कोणाची मिंधी न्हाईस, जा, हो डॉक्टर. ती म्हणाली, आबा, परत दिल्यावर मी कोणाची? पण माझंबी नाव निवृत्ती हाये, कोणी माझ्या घरच्याकडं बघून पाठ फिरवावी हे मला सोसत न्हाई. भात कांडून आणला, पोती भरली आन् गेल्या आठवड्यात स्वतः डोक्यावर घेऊन घरोघर गेलो. ह्या वयात. आन् घेतले हो लोकांनी. तेच सांगतोय. वाटलं होतं एखादा म्हणंल, निवृत्तीआबा, हे काय करताय, घेऊन जा माघारी. कोणी म्हणलं न्हाई. दार उघडलं, पोतं आत ओढलं, दार लावलं.

एका सीतारामनं घेतलं न्हाई. तीनदा गेलो. पहिल्यांदा रतनबाईनं, त्याच्या बायकोनं, सांगितलं, ते घरात न्हाईत. दुसऱ्यांदा तो ओट्यावरच होता, म्हणाला, ठेवू नको हितं. तिसऱ्यांदा नुसता दात कोरत बसला. मी पोतं घेऊन माघारी आलो आन् — हिराला विचारा — त्या रात्री मी भाकरी जास्त खाल्ली. तुमाला म्हणून सांगतो, घरात बोलू नका. सीतारामनं घेतलं न्हाई तवर एक घर राहिलंय. एका घराची मूठ यशूच्या अंगावर हाये, म्हंजे ती त्या घरची हाये अजून. मी चौथ्यांदा जाणार न्हाई. कोपऱ्यात पडलंय पोतं, पडू दे, उंदरांनी खाल्लं तरी चालंल. सीतारामला मी ओळखतो. उपाशी राहील पण न्यायला येणार न्हाई.

आन् तुमच्या प्रबंधाचं म्हणाल तर मी तिला जा म्हणणार न्हाई, नको जाऊ म्हणणार न्हाई. तिनं एकच सांगितलंय मला. ज्या दिवशी विहारात एक माणूस अर्ज घेऊन येईल त्या दिवशी ती तुमाला फोन करंल. तुमची मुदत तोवर थांबंल का? … न्हाई ना. मग कशाला विचारता. चहा निवला तुमचा.

थांबा. कोण हाये ते अंगणात?

सीताराम. ये. ये की आत, उन्हात का उभा? हे सर हायेत, पुण्याचे, यशूचे. बस ना. हिरा, अजून एक कप टाक. — बरं. बरं, नको तर नको.

… व्हय. तितंच हाये पोतं, कोपऱ्यात.

एकट्याला जड होईल, सीताराम. थांब, एक बाजू मी धरतो. … बरं. न्हाई धरत.

गौरवला काम लागलं का ह्या आठवड्यात? … रतनबाई बरी हाये ना?

यशू येईल आता गाडीनं. तिला काय सांगू?

… उंबरा हाये, सांभाळ.

…

हिरा, तो कप राहू दे.

उठा, सर. फिटलं सगळं.